तापीकाठचे धातू

मध्य प्रदेशातल्या मुलताई गावाचं नाव मुळात 'मूलतापी'. तिथे उगम पावलेली तापी चांगदेव गावापाशी पूर्णेला सोबत घेते, भुसावळला येते आणि पुढे सुरतेच्या बाजूने समुद्राकडे निघून जाते. तिच्या नावात 'तप्' हा धातू आहे. तप् म्हणजे तापणे. पुराणांनी तिला सूर्याची लेक मानलं. मे महिन्यात भुसावळ स्टेशनात उतरणाऱ्या माणसाला या धातूचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

या धातूचा गोतावळा मोठा आहे. अंगातला ताप, डोक्याला होणारा ताप, तापट स्वभाव, तापमान, संताप, पश्चात्ताप, तप आणि तपस्वी. प्राकृतात 'ताप'चा 'ताव' झाला आणि मराठीने तोही ठेवून घेतला. लोहार लोखंडाला ताव देतो, माणसं तावातावाने भांडतात, एखादा तावून सुलाखून निघतो. फारसीत सूर्याला 'आफताब' म्हणतात. त्यातला 'ताब' याच घरचा. कोमट असणे या अर्थाचं लॅटिन क्रियापद 'तेपेरे', तेही याच कुळातलं.

तप्‌चा जोडीदार शब्द म्हणजे 'निवणे'. दूध निवतं, भात निवतो, लेकराला पाहून आईचा जीव निवतो. हा शब्द संस्कृत 'निर्वा' या क्रियापदातून आला, आणि त्याच क्रियापदातून 'निर्वाण' आलं. मूळ अर्थ विझणं, शांत होणं. तापणं आणि निवणं या दोन शब्दांत विश्वाची कहाणी बरीचशी सांगता येते. विश्व एक सेकंदाचं होतं तेव्हा त्याचं तापमान सुमारे १० अब्ज केल्विन होतं. तीन मिनिटांच्या सुमारास ते १ अब्जावर आलं आणि तेवढ्या वेळात हेलियमची केंद्रकं तयार झाली. ३,८०,००० वर्षांनी ते ३,००० केल्विनपर्यंत निवलं, इलेक्ट्रॉन अणूंत स्थिरावले आणि प्रकाशाला वाट मोकळी झाली. तो प्रकाश अजून आपल्याभोवती आहे, पण निवून निवून आता २.७ केल्विनवर आला आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना त्यांच्या अँटेनात सगळीकडून सारखीच येणारी जी खरखर सापडली, ती हीच ऊब.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, ज्याला आपण नासदीय सूक्त म्हणतो, त्यात आरंभीचं ते 'एक' तपाच्या सामर्थ्याने जन्मलं असं म्हटलं आहे. तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांना तप्त विश्वाचा सिद्धांत ठाऊक होता असं अनेक जण भाषणांत सांगतात. तसं म्हणणं मला त्या सूक्तावर अन्याय करणारं वाटतं. ते सूक्त शेवटी विचारतं की हे सगळं कुठून आलं हे कोणाला ठाऊक असेल का, वरून पाहणाऱ्यालाही ठाऊक असेल का. तीन हजार वर्षांपूर्वी एका कवीने हा प्रश्न उघडा ठेवला, आणि त्याचं मोठेपण तिथे आहे. शब्दाचा धातू सांगतो की माणसांनी कशाकडे पाहून तो शब्द घडवला. त्यातून भौतिकशास्त्राचा निष्कर्ष काढता येत नाही. 'ब्रह्मांड' शब्दातही 'बृह्', म्हणजे वाढणे, हा धातू आहे, म्हणून १९२९ मध्ये एडविन हबल यांनी मोजलेलं विश्वाचं प्रसरण त्या शब्दात आधीपासून होतं असं होत नाही. अंड्यातून जीव वाढताना पाहिलेल्या माणसांनी तो शब्द केला, आणि तेवढं पाहणंही थोडं नाही.

'विश्व' हा शब्द तर आणखी साधा. वेदात 'विश्व' म्हणजे 'सगळं'. विश्वेदेव म्हणजे सगळे देव. अवेस्तात 'वीस्प' हा त्याचा भाऊ, अर्थ तोच. 'विश्', म्हणजे शिरणे, या धातूशी त्याचं नातं लावण्याची परंपरा आहे. पण 'सगळं' हा अर्थ मला पुरेसा वाटतो. ज्याच्या बाहेर काही उरत नाही त्याला दुसरं काय म्हणणार?

आता 'महास्फोट'. मूळ इंग्रजी शब्द 'बिग बँग' हा फ्रेड हॉईल यांनी २८ मार्च १९४९ रोजी बीबीसी रेडिओवरच्या एका व्याख्यानात वापरला. हॉईल या सिद्धांताचे विरोधक. विश्वाला आरंभच नाही, ते कायम असंच आहे, या स्थिर विश्वाच्या मताचे ते. विरोधकाने दिलेलं नाव सिद्धांताला कायमचं चिकटलं. पुढे हॉईल यांच्याच हाताखाली केंब्रिजला आपले जयंत नारळीकर तयार झाले. महास्फोटाविषयीची शंका त्यांनीही आयुष्यभर जपली आणि तरीही तो सिद्धांत मराठी वाचकांना समजावून सांगण्यात कसूर केली नाही. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात गेले.

'बिग बँग' या नावाबद्दल शास्त्रज्ञांची एक जुनी तक्रार आहे. नाव ऐकलं की लोकांना सुतळी बॉम्ब आठवतो. आधी मोकळी जागा, तिच्यात एका ठिकाणी बार उडाला, तुकडे चहूकडे गेले, असं चित्र मनात उभं राहतं. ते चूक आहे. आधी जागा नव्हती. जागाच उलगडत गेली, आणि सगळीकडे एकदमच. मराठी 'महास्फोट'ही याच दोषाचा धनी मानला जातो. मला मात्र वाटतं की आपण आपला शब्द नीट ऐकत नाही. 'स्फोट' हा 'स्फुट्' धातूचा, आणि त्याचं चालतं मराठी रूप 'फुटणे'. मडकं फुटतं हे खरं, पण मराठीत आणखी काय काय फुटतं ते पाहा. पालवी फुटते, कोंब फुटतो, तोंड फुटतं, वाचा फुटते, पान्हा फुटतो, तांबडं फुटतं, नदीला फाटा फुटतो. आमच्या भागात केळीच्या कंदाला कोंब फुटतो तेव्हा कंदाच्या चिरफळ्या उडत नाहीत. आत जे होतं ते उलगडत बाहेर येतं. व्याकरणाच्या परंपरेतही 'स्फोट' हा शब्द आहे. भर्तृहरीच्या वाक्यपदीयात स्फोट म्हणजे ज्यातून अर्थ उमलून प्रकट होतो ते शब्दाचं रूप. बारूद या देशात येण्याच्या कितीतरी आधीचा हा वापर. तेव्हा महास्फोटाला 'महा-फुटणं' म्हणून ऐकलं, पालवी फुटण्यातलं फुटणं, तर शास्त्रज्ञांना जे सांगायचं आहे त्याच्या आपण इंग्रजी वाचकापेक्षा अधिक जवळ जातो. शाळेत हा धडा शिकवणाऱ्या प्रत्येकाने फळ्यावर आधी 'फुटणे' लिहावं असं मला मनापासून वाटतं.

विश्व उलगडतं आहे हे कळलं कसं, याच्याशी भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाचं जवळचं नातं आहे. न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा समोरून येताना चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे निघून गेली की एकदम उतरतो. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाइज बॅलट यांनी उत्रेख्तजवळच्या लोहमार्गावर गाडीत तुतारीवादक बसवून डॉप्लर यांचा हा नियम तपासून पाहिला. दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाशही असाच उतरतो, म्हणजे तांबड्याकडे सरकतो. दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत मधली जागाच ताणली जाते म्हणून लहर लांबते, एवढा फरक. मराठीत याला 'ताम्रच्युती' म्हणतात. 'च्यु' म्हणजे जागेवरून ढळणे. पदच्युत आणि अच्युत हे त्याचेच. 'दीर्घिका' हा शब्द तर मला फार आवडतो. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं, पायऱ्यांची वापी. इंग्रजी 'गॅलॅक्सी' ग्रीक दुधावरून आला, आपण पाण्यावरून घेतला. गंगा आकाशात नेऊन ठेवणाऱ्या भाषेला ते साजेसं आहे.

वर 'अब्ज' हा शब्द सहज येऊन गेला. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, सूर्याचं ४.६ अब्ज. अब्ज म्हणजे 'अप्'मध्ये, पाण्यात, जन्मलेलं : कमळ. संख्यांची ही नावं भास्कराचार्यांच्या लीलावतीत क्रमाने दिली आहेत. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. प्रत्येक आधीच्याच्या दहापट. ही सबंध यादी आज कोणी वापरत नाही, पण ती वापरून पाहण्यासारखी आहे. आपल्या आकाशगंगेत तारे किती? १०० ते ४०० अब्ज असा अंदाज आहे, म्हणजे लीलावतीच्या भाषेत एक ते चार निखर्व. विश्वाचं वय सेकंदांत काढलं तर चार परार्धांहून थोडं अधिक भरतं. भास्कराचार्यांची यादी ज्या शब्दावर संपते, नेमक्या त्याच घरात हा आकडा बसतो. यात योगायोगापलीकडे काही नाही. पण शब्द तयार आहे आणि आपण त्याला काम देत नाही, याची चुटपुट लागते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. सिद्धान्तशिरोमणी त्यांनी ११५० मध्ये पूर्ण केला. त्यांच्या विद्येचा लेखी पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. चाळीसगावजवळ, डोंगराच्या कुशीत, पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला, आणि १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या निमित्ताने, त्या मठाला दान मिळालं, अशी ती नोंद. (हा चांगदेव वेगळा आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचा, ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडणारा योगी चांगदेव वेगळा. दोघांची गल्लत आमच्याकडेही होते.) लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील सुरू झाला की भाषा मराठी होते. बाजारात येणाऱ्या 'केण्या'वरच्या, म्हणजे विकायच्या मालावरच्या, उत्पन्नातला वाटा मठाला. तेलाच्या घाण्यांमागे पळी पळी तेल मठाला. वंशाची थोरवी संस्कृतात, आणि जिने दिवा जळणार ती तरतूद मराठीत. घाणा आणि पळी हे शब्द आठशे वर्षांनंतरही खानदेशातल्या कोणत्याही घरात कळतात. ज्या मठात ग्रहगणित शिकवलं जाणार होतं त्याचं तेल गावच्या तेल्याकडून यायचं होतं, हे वाचताना मला फार बरं वाटतं.

भास्कराचार्यांच्या गोलाध्यायात पृथ्वीच्या ओढून घेण्याच्या शक्तीचा उल्लेख आहे. त्यासाठी त्यांनी वापरलेला धातू 'कृष्'. ओढणे, नांगर ओढणे. कृषी त्यातूनच. मराठी 'कसणे', 'शेत कसणारा', 'कसेल त्याची जमीन', हे सगळं कृष्‌चं. आणि गुरुत्वाकर्षणही. 'गुरुत्वाकर्षण' हा सहा अक्षरांचा शब्द पोरं धाकाने पाठ करतात. नांगर जसा जमिनीतून ओढत नेतात तसं जे ओढतं ते, एवढं सांगितलं तर शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला तो शब्द लगेच आपला वाटेल.

ताऱ्याचा जन्म हा या कृष्‌चा खेळ आहे. दोन ताऱ्यांमधल्या पोकळीत हायड्रोजनचे थंड ढग पसरलेले असतात. ढगाचा एखादा भाग दाट झाला की तो स्वतःलाच आत ओढू लागतो. आक्रसतो, तापतो. गाभा १ कोटी अंशांच्या आसपास पोचला की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं आणि तारा पेटतो. या ढगांना आपण 'तेजोमेघ' किंवा 'निहारिका' म्हणतो. नीहार म्हणजे धुकं. इंग्रजीतला 'नेब्युला' हा लॅटिन शब्दही धुक्याचाच, आणि तो आपल्या 'नभ'चा सख्खा भाऊ आहे. वेदात नभस् म्हणजे ढग, धुकं. 'आकाश' हा अर्थ नंतरचा. 'आभाळा'चंही तसंच. ते 'अभ्र'वरून आलं, म्हणजे ढगावरून, आणि खेड्यापाड्यात अजूनही 'आभाळ आलं' म्हणजे ढग आले. आमच्याकडे ळ चा य होऊन ते 'आभाय' होतं. आकाश हा शब्द वेगळा. 'काश्' म्हणजे चमकणे, म्हणून प्रकाश आणि आकाश एका घरचे. म्हणजे आभाळ झाकणारं आणि आकाश चमकणारं. तारे जन्मतात ते आभाळात आणि दिसतात आकाशात.

'तारा' शब्दाच्या पोटात एक हरवलेला स आहे. ऋग्वेदात 'ताऱ्यांनी' या अर्थी 'स्तृभिः' असं रूप येतं. संस्कृतात पुढे तो स गळाला. इंग्रजीच्या 'स्टार'मध्ये, ग्रीकच्या 'अस्तेर'मध्ये राहिला. फारसीत तो 'सितारा' झाला, आणि मग फारसीतून सितारा मराठीत येऊन ताऱ्याशेजारी बसला. जुने भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचा संबंध 'स्तृ', म्हणजे पसरणे, याच्याशी जोडत : आकाशात अंथरलेले ते तारे, अंथरूण आणि विस्तारही त्याचेच. अलीकडचे अभ्यासक तो जळण्याच्या, धगधगण्याच्या अर्थाच्या एका फार जुन्या धातूशी जोडतात. मला दुसरं मत अधिक पटतं.

आपल्या रोजच्या बोलण्यातला एक तारा मात्र ओळखू येत नाही. 'तारांबळ'. लग्नात मंगलाष्टकांच्या शेवटी 'ताराबलं चंद्रबलं' कानावर आलं की मुहूर्ताची घाई उडते, अक्षता कोणाकडे, अंतरपाट कुठे. त्या घाईलाच ताराबलाचं नाव मिळालं.

'नक्षत्र' या शब्दावर प्राचीनांचंच एकमत नव्हतं. यास्काने निरुक्तात तो 'नक्ष्', म्हणजे जाणे, पोचणे, या धातूपासून लावला. व्याकरणाच्या परंपरेत 'न' वेगळा काढून 'न क्षरति', जे झिजत नाही ते, असा अर्थ सांगितला जातो. दुसरा अर्थ मनाला गोड वाटतो, पण आकाशातलं एक नक्षत्र त्याला रोज खोटं पाडतं, ते म्हणजे आर्द्रा. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सूर्य मृगात जातो. केळीची तेव्हाच्या लागवडीची बाग आमच्याकडे 'मृगबाग' म्हणूनच ओळखली जाते. पंधरा दिवसांनी आर्द्रा लागते. आर्द्र म्हणजे ओलं. मराठी 'ओला' हा या आर्द्राचाच नातू : आर्द्र, प्राकृतात ओल्ल, मग ओला. पावसाच्या सुरुवातीचं नक्षत्र म्हणून ते ओलं. आता हाच तारा हिवाळ्याच्या रात्री पाहावा. मृगाच्या चौकोनातला तांबूस तारा, ज्याला मराठी ग्रंथांत 'काक्षी' आणि युरोपात बेटेलज्यूज म्हणतात. (हे युरोपी नाव अरबीतून आलं आणि एका अक्षराच्या टिंबात चूक झाल्याने बिघडलं, असं अरबीचे जाणकार सांगतात.) हा ओला तारा महाकाय आहे, म्हातारा आहे आणि झिजतो आहे. २०१९ च्या अखेरीस तो इतका मंदावला की आता फुटतो की काय अशी जगभर चर्चा झाली; त्यानेच उधळलेल्या धुळीने त्याला झाकलं होतं असं पुढे निघालं. येत्या लाखभर वर्षांत तो फुटेल असा अंदाज आहे. त्याच मृगात, बाणाच्या तीन ताऱ्यांखाली, नुसत्या डोळ्यांनी धुरकट दिसणारा एक तेजोमेघ आहे, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर, आणि त्यात या क्षणीही तारे जन्मत आहेत. ताऱ्याचं बाळपण आणि म्हातारपण एकाच नक्षत्रात पाहायला मिळतं. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. गावाबाहेर, दिव्यांपासून जरा दूर उभं राहिलं की पुरतं.

ताऱ्याच्या आयुष्यावर सगळ्यात जास्त हक्क सांगणारा धातू 'सृज्'. याचा मूळ अर्थ निर्माण करणे असा नाही. सृज् म्हणजे सोडणे, मोकळं करणे. कोळी जसा अंगातून धागा सोडतो, तसं. त्यावरून सृष्टी, सर्ग, सर्जन. 'उत्' लावला की उत्सर्जन. 'वि' लावला की विसर्जन. आपल्याला सर्जन आणि विसर्जन ही दोन टोकं वाटतात, एक घडवणारं आणि एक बुडवणारं. धातूला तसं वाटत नाही. त्याच्या लेखी दोन्ही सोडणंच. ताऱ्याकडे पाहिलं की धातूचं म्हणणं पटतं. सूर्य दर सेकंदाला आपलं सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा करून सोडून देतो; ते उत्सर्जन. आणखी सुमारे ५ अब्ज वर्षांनी त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन सरेल, तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बाहेरचे थर अवकाशात सोडून देईल; ते विसर्जन. त्या सोडलेल्या वायूतून पुढे कधी नवा ढग, नवा तारा. ते पुन्हा सर्जन. दहा दिवसांचा गणपती तापीत सोडताना आपण हाच धातू उच्चारतो.

राक्षस झालेला सूर्य शेवटी 'श्वेत बटू' होईल. हा शब्द ऐकून मुलं गोंधळतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मराठीत बटू म्हणजे मुंज लागलेला मुलगा, आयुष्याच्या आरंभाचा. इथे तर तारा आयुष्य संपवून बसला आहे. शब्दाला वाट मिळाली ती बटू वामनावरून. बुटकेपणा तिथून आला. असा बटू सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड असू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर गणित मांडून ओळखलं, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

सूर्याहून आठ-दहापट आणि त्याहून जड तारे वेगळ्या तऱ्हेने संपतात, आणि त्यांना आपण 'अतिनवतारा' म्हणतो. यातला 'नव' ही टायको ब्राहेच्या काळची समजूत आहे. १५७२ मध्ये त्याने आकाशात नवा तारा पाहिला आणि नवा म्हणूनच त्यावर लिहिलं. प्रत्यक्षात तो कोणाचा तरी शेवट होता. लॅटिन 'नोव्हा'चं भाषांतर करताना आपण ती समजूतही जशीच्या तशी उचलली. चीनमध्ये १०५४ च्या जुलैत असाच एक तारा दिसला, तेवीस दिवस भर उन्हात दिसत राहिला, आणि तिथल्या नोंदकारांनी त्याला 'पाहुणा तारा' लिहिलं. हे नाव मला अधिक प्रामाणिक वाटतं; आला, राहिला, गेला, एवढंच ते सांगतं. आपल्याकडच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत या पाहुण्याची नोंद आहे का याचा शोध नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी सरोजा भाटे यांनी घेतला होता. ठाम म्हणावी अशी नोंद मिळाली नाही.

अशा ताऱ्याचा गाभा फारच जड असेल तर कृष्‌चं ओढणं थांबतच नाही आणि कृष्णविवर उरतं. नारळीकरांची पहिली मराठी विज्ञानकथा याच नावाची. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, आपली आद्याक्षरं उलटी करून, आणि ती पहिली आली. 'विवर' हा शब्द 'वृ', म्हणजे झाकणे, याला 'वि' लावून झाला : न झाकलेलं, उघडलेलं. 'विवरण' म्हणजे उघडून सांगणं, तेही हेच.

हे सगळे शब्द ज्यांपासून लावतो ते 'धातू', आणि लोखंड-तांबं हेही 'धातू'. दोन्हीकडे शब्द एकच आहे. 'धा' म्हणजे ठेवणे, धरून असणे. ज्याच्यावर बाकीचं उभं राहतं तो धातू. आयुर्वेदाचे रस-रक्तादी सात धातूही त्याच अर्थाने. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्याला गेले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने पुढे धुळ्यातूनच त्यांचा धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश छापले. मराठी शब्दांची मुळं शोधण्याचं मोठं काम खानदेशात उभं राहिलं ते असं. आणि खगोलशास्त्रज्ञांची एक गंमतशीर सवय आहे : हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेल्या प्रत्येक मूलद्रव्याला, अगदी कार्बन आणि ऑक्सिजनलाही, ते 'धातू'च म्हणतात. सूर्यात असे धातू दोन टक्क्यांहूनही कमी आहेत. पण पृथ्वी, तिच्यावरचे रूळ, आपली हाडं, सगळं बहुतांशी त्या दोन टक्क्यांतल्या जिनसांचं. ते ताऱ्यांच्या पोटात घडले, हे १९५७ मध्ये बर्बिज पती-पत्नी, फाउलर आणि हॉईल यांनी एका प्रदीर्घ निबंधात दाखवलं. जड ताऱ्यात एकामागून एक धातू घडत जातात आणि लोखंडापाशी थांबतात, कारण लोखंड जोडून ऊर्जा मिळत नाही. मग गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि तारा फुटतो.

सोन्याची वाट आणखी वेगळी आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर पोचल्या, आणि त्या टकरीच्या प्रकाशात सोन्यासारखी जड मूलद्रव्यं घडत असल्याच्या खुणा मिळाल्या. अशा घटनेला इंग्रजीत 'किलोनोव्हा' म्हणतात, म्हणजे साध्या नवताऱ्याच्या हजारपट. मराठीत तिला अजून रुळलेलं नाव नाही. गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली. तिथल्या बातम्या मराठीत लिहायच्या तर शब्द लागेल. 'सहस्रनवतारा' केला तर 'नव'ची चूक पुन्हा पदरी येते, आणि किलो म्हटलं की जळगावच्या सराफ बाजारात वजनाचाच विचार होणार. मी 'सोनस्फोट' म्हणेन. सोनं हे 'सुवर्ण'चं, स्फोट हा फुटण्यातला, आणि सराफाच्या पेढीवर तो सांगितला तरी कळेल. कोणाला याहून बरा सुचला तर त्याने तो लिहायला लागावं. वेधशाळा सुरू होईपर्यंत शब्दाला रुळायला वेळ आहे.